चहा उतू जाण्याआधी : रोजच्या धबडग्यात भानावर राहण्याचा सराव

माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, पण संध्याकाळचे साडेसहा वाजले की ती दाराकडे बघत विचारते, ‘‘हे आले का गं?’’ एका संध्याकाळी गाड्या रखडल्या होत्या, मी दोन तास उभी राहून डोंबिवलीला पोचले होते, कुकर लावत होते आणि तिने नवव्यांदा विचारलं. मी ओरडले, ‘‘किती वेळा सांगू? गेले ते!’’

तिला ती बातमी त्या क्षणी पहिल्यांदाच कळली. तिचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही.

पुढचे दोन दिवस मी स्वतःला बोल लावत होते. राग आला याचं इतकं वाटलं नाही. राग कुठून आला, कधी चढला, यातलं काहीच मला कळलं नव्हतं, याचं वाटलं. ओरडून झाल्यावर मी भानावर आले. तेव्हापासून गेली दीडेक वर्षं मी जे करून बघितलं, त्यातलं जे टिकलं ते इथे सांगते आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. नोकरी, घर आणि आजारी माणूस सांभाळणारी बाई आहे, त्यामुळे ज्याला वेगळा तास काढावा लागतो ते माझ्याकडे टिकलंच नाही.

आधी शब्दाबद्दल

‘माइंडफुलनेस’ला लेखांमधून ‘सजगता’ म्हणतात. शब्द बरा आहे, पण स्वयंपाकघरात कुणी तो वापरत नाही. आपल्याकडे ‘भान’ आहे. वेळेचं भान राहत नाही, बोलण्याचं भान सुटतं, आणि मग माणूस भानावर येतो. ‘भानावर येणं’ या शब्दातच सगळी गोम आहे. आपण भानावरून गेलो होतो, हे त्यात गृहीतच आहे. मन जाणारच. सराव करायचा तो परत येण्याचा.

ही गोष्ट परदेशातून आलेली फॅशन आहे, असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येकाकडे असतात. मूळ आहे पाली भाषेतली ‘सति’, म्हणजे आपली स्मृती, भान ठेवणं. ती विपश्यना या ध्यानपद्धतीच्या रूपाने ब्रह्मदेशात टिकली. सत्यनारायण गोएंका तिथे सयाजी ऊ बा खिन या गुरूंकडे शिकले आणि 1969 मध्ये ती घेऊन भारतात आले. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र त्यातूनच उभं राहिलं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला आणि धर्माची चौकट बाजूला ठेवून हीच गोष्ट दवाखान्यात आणली. त्यांच्या वर्गात सुरुवातीला एक मनुका हातात देतात. ती बघायची, हुंगायची, जिभेवर ठेवायची आणि मग हळू चावायची. मी घरी शेंगदाण्यावर करून बघितलं. दहा मिनिटांत तीन दाणे संपले. एरवी वाटी संपली तरी कळत नाही.

आणि मन भटकतं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी 2010 मध्ये सव्वादोन हजार लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं होतं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे अर्धा दिवस आपण घरी नसतोच.

पहिला आठवडा : फक्त एक काम

ध्यानाला बसू नका. रोज करताच असं एक काम निवडा, पाचेक मिनिटांचं. दात घासणं, भांडी विसळणं, गाडी पुसणं, काहीही चालेल. मी सकाळचा चहा निवडला, कारण तो चुकत नाही.

करायचं ते इतकंच. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. पाणी भांड्यात पडतानाचा आवाज ऐकायचा. भांडं भरत जातं तसा तो आवाज बदलतो, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. आलं किसताना बोटांना ओल लागते, मग वास येतो. पाण्याच्या तळाशी आधी बारीक बुडबुडे धरतात, मग ते सुटायला लागतात. पावडर टाकली की रंग एकदम पसरत नाही, धाग्यासारखा खाली उतरतो. दूध घातलं की भांड्याच्या कडेने साय धरते, कडा वर चढते, आणि ती काठाला टेकायच्या आत गॅस बारीक करायचा.

मध्येच मन जाईल. माझं बहुतेक वेळा ऑफिसच्या एका मेलवर जातं. गेलं हे लक्षात आलं की मनातल्या मनात ‘गेलं’ म्हणायचं आणि परत भांड्याकडे बघायचं. वैतागायचं नाही, ‘मला जमतच नाही’ हे प्रवचन सुरू करायचं नाही. एका चहात वीस वेळा गेलं आणि वीस वेळा परत आणलं, तर वीस वेळा व्यायाम झाला. तालमीत जोर मोजतात तसं हे परत येणं मोजा.

एक आठवडा एवढंच करा. दुसरं काही वाढवू नका. उत्साहात पहिल्याच दिवशी पहाटे पाचचा गजर लावणारी माणसं शुक्रवारपर्यंत सगळं सोडून देतात, मीही त्यातलीच होते.

दुसरा आणि तिसरा आठवडा : तीन मिनिटांची उसंत

1990 च्या दशकात सीगल, विल्यम्स आणि टीझडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी नैराश्यातून बरे झालेल्यांना ते पुन्हा येऊ नये म्हणून एक पद्धत बसवली. त्यातला तीन मिनिटांचा एक छोटा सराव मला फार उपयोगी पडला. मी त्याला उसंत म्हणते.

पहिलं मिनिट : आत्ता काय चाललंय? डोक्यात कुठला विचार आहे, मनाला कसं वाटतंय, अंगात कुठे ताण आहे? फक्त बघायचं. दुरुस्ती करायला जायचं नाही.

दुसरं मिनिट : श्वास. नाकपुडीशी, छातीत किंवा पोटाशी, जिथे स्पष्ट कळतो तिथे लक्ष ठेवायचं. जीव घाबरा असेल तर आत घेताना मनात चारपर्यंत आणि सोडताना सहापर्यंत मोजा. यामागे साधी यंत्रणा आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. हा लगाम व्हेगस नावाच्या मज्जातंतूकडे असतो. उच्छ्वास लांबवला की तो लगाम जरा जास्त वेळ ओढलेला राहतो. जोर लावून छाती फुगवू नका, चक्कर येते.

तिसरं मिनिट : लक्ष सगळ्या अंगावर पसरवायचं. पावलं जमिनीला टेकलीत, पाठ खुर्चीला टेकली आहे, खांदे कानाशी आलेत ते खाली सोडायचे. मग कामाला लागायचं.

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट गुदमरल्यासारखं होतं. दमा असलेल्यांना किंवा धास्तीचे झटके येणाऱ्यांना हे विशेष जाणवतं. त्यांनी श्वासाच्या वाटेला जाऊच नये. तळपायांवर लक्ष द्या किंवा आवाज ऐका. पंख्याची घरघर, खालच्या मजल्यावरची फोडणी, रिक्षाचा हॉर्न, काहीही. काम तेच होतं.

मी हा सराव लोकलमध्ये करते. डोंबिवलीहून गाडी निघाली की ठाण्याच्या आधी खाडीचा पूल लागतो.  पुलावर शिरलं की गाडीचा आवाज बदलतो. ती माझी घंटा. तिथून ठाणे येईपर्यंत, म्हणजे मिनिट-दीड मिनिट, पावलं, श्वास आणि दांडीला धरलेला हात. बस्स. गर्दीत चेपलेली असताना शांत वाटतं असं अजिबात नाही. पण पाठीत कुणाची तरी पर्स रुतते आहे आणि त्यामुळे मी चिडते आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथेच पहिल्यांदा उमगलं. दाराशी उभ्या असाल तर मात्र डोळे मिटू नका, तिथे आधी दांडी.

तुमच्या वाटेवर पूल नसेल तर दुसरं काही शोधा. सिग्नल, लिफ्ट, संगणक सुरू होण्याची वाट, सोसायटीचं गेट. स्वतःच्या आठवणीवर विसंबू नका, रस्त्यातल्या एखाद्या वस्तूवर टाका.

चौथा आणि पाचवा आठवडा : भावना अंगात कुठे असते

मला सगळ्यात जास्त हाती लागलं ते इथे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

मराठीने हे काम आपल्यासाठी आधीच करून ठेवलं आहे. तळपायाची आग मस्तकात जाते. पोटात गोळा येतो. छातीत धस्स होतं, काळजात चर्र होतं, घशाशी आवंढा दाटतो, हातापायांतलं त्राण जातं, अंगाचा तिळपापड होतो. या सगळ्या पत्ते सांगणाऱ्या खुणा आहेत. भावना डोक्यात विचार होऊन यायच्या आधी बहुधा अंगात येते, आणि प्रत्येकाची तिची जागा ठरलेली असते. ती जागा ओळखली की थोडी आधी वर्दी मिळते.

एका वहीत आठवडाभर लिहा. रोज एकच प्रसंग, तीन ओळी : काय झालं, अंगात कुठे काय झालं, त्यानंतर मी काय केलं. माझ्या वहीत चौथ्या दिवशी दिसलं की ओरडण्याच्या आधी माझे दात आवळले जातात आणि उजवा खांदा वर जातो. बोलण्याच्या आधी चांगली पाच-सात सेकंदं. एवढी वर्षं ती सेकंदं माझ्याजवळ होती आणि मला पत्ता नव्हता.

मग दुसरी पायरी, नाव देणं. 2007 मध्ये कॅलिफोर्नियात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून मेंदूची चित्रं घेतली. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी होत होती. शब्दाने भावना जात नाही, पण तिची पकड जरा सैल होते.

फक्त नाव नेमकं हवं. ‘टेन्शन आलंय’ हे नाव नव्हे, ते पोतं आहे, त्यात काहीही कोंबता येतं. रागाचंच बघा. भूक लागली किंवा झोप झाली नाही की होते ती चिडचिड. तेच तेच पुन्हा करावं लागलं की येतो तो वैताग. आपलं कुणी ऐकत नाही म्हणून स्वतःवरच काढतो तो त्रागा. अन्याय दिसला की होतो तो संताप. आणि रुसवा फक्त जवळच्या माणसावर धरता येतो, बॉसवर नाही. दुःखातही खंत वेगळी, रुखरुख वेगळी, हुरहूर वेगळी. भीतीत धाकधूक परीक्षेच्या निकालाची असते, धास्ती एखाद्या माणसाची बसते आणि घोर मुलांचा लागतो.

नेमका शब्द सापडला की पुढचं काम आपोआप दिसतं. चिडचिड असेल तर आधी दोन घास खा. वैताग असेल तर कामात फेरबदल करा किंवा कुणाला तरी हाताशी घ्या. संताप असेल तर तो श्वासाने विझवू नका, तक्रार लिहा. आईच्या बाबतीत मी ‘मला राग येतो’ म्हणत होते. महिनाभर वही लिहिल्यावर कळलं की तो राग नव्हताच. बाबा गेले हे दर संध्याकाळी मलाच पुन्हा ऐकावं लागत होतं. ते दुःख होतं, रागाचा झगा घालून आलेलं.

उत्तर देण्याआधीची जागा

दात आवळले हे कळलं, नाव दिलं, आता करायचं काय? एक श्वास पूर्ण सोडायचा आणि मगच तोंड उघडायचं. एवढंच. पण ते ऐन वेळी जमत नाही, म्हणून आधी स्वस्त प्रसंगांवर सराव करायचा. माझी तालीम झाली कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे दर चार दिवसांनी कुणीतरी असा काही संदेश टाकतं की बोटं शिवशिवतात. मी उत्तर टाइप करते, फोन पालथा ठेवते, पाणी पिऊन येते आणि मग वाचते. दहातली आठ उत्तरं पुसली जातात. उरलेली दोन पाठवते, आणि ती पाठवायलाच हवी असतात.

फोनबद्दल आणखी एक. तो हातात घेताना स्वतःला विचारा, ‘कशाला घेतला?’ उत्तर मिळालं तर वापरा. नाही मिळालं तर बहुधा कंटाळा आलाय किंवा काहीतरी टाळायचंय. तेही कळलं तरी पुष्कळ.

रात्र

रात्री दोनला जाग येऊन डोक्यात हिशेब सुरू झाले, तर पडल्या पडल्या अंगावरून लक्ष फिरवा. डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात, मग पाऊल, घोटा, पिंढरी, गुडघा, असं वर. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन श्वास थांबायचं. तिथे ऊब आहे, गार आहे, मुंग्या आहेत की काहीच नाही? काहीच नसलं तरी चालतं. मी बहुतेक वेळा मांडीच्या पुढे जात नाही, झोप लागते. झोप लागावी म्हणून करायला गेलात तर मात्र हटकून लागत नाही.

आणि काळज्यांना संध्याकाळी पंधरा मिनिटं द्या, कागदावर. वीजबिल, मुलाची फी, आईची गोळी, जे असेल ते. ज्यावर उद्या काही करता येईल त्यापुढे काय करायचं ते लिहा. ज्यावर काहीच करता येणार नाही त्यापुढे रेघ मारा. ती रेघ मारताना वाईट वाटतं. वाटू द्या.

हे कुठे वापरू नये

नुकताच मोठा आघात झाला असेल, जुने हिंसेचे किंवा अत्याचाराचे अनुभव असतील, तर डोळे मिटून आत बघितल्यावर नको ते उसळून वर येऊ शकतं. अशांनी डोळे उघडे ठेवून, चालत, किंवा जाणकार समुपदेशकाबरोबरच सराव करावा. आवाज ऐकू येणं, संशय बळावणं असा त्रास पूर्वी झाला असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मौन-शिबिराला जाऊ नका. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला उठणं, दिवसाला सुमारे दहा तास बसणं आणि बहुतेक काळ पूर्ण मौन असतं. ती मोठी चढण आहे, तणाव घालवायला काढलेली सुट्टी नव्हे. अर्जात आजाराबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, भूक-झोप गेली आहे, कशातच रस उरला नाही, तर चहाच्या भांड्याकडे बघत बसू नका. डॉक्टरकडे जा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. जीव नकोसा वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. कचेऱ्यांमध्ये हल्ली कर्मचाऱ्यांसाठी माइंडफुलनेसची सत्रं ठेवतात. एका ठिकाणी मी असं सत्र बघितलं आहे. दुपारी तासभर श्वास मोजायला लावला आणि त्याच रात्री साडेदहाला कामाचा मेल आला. माणसं कमी आणि काम जास्त असेल तर त्यावर उपाय माणसं वाढवणं हाच. घरातही तसंच. आजारी माणसाचं सगळं एकाच बाईवर असेल, तर तिला शांत राहायला शिकवण्याआधी भावाने रविवार घ्यावा. आमच्याकडे हे बोलायला मला वहीतला पाचवा आठवडा लागला. दादाने पहिल्यांदा कुरकुर केली, आता घेतो.

जमतंय हे कसं ओळखायचं

शांत वाटतंय का, हे विचारू नका. ते हवामानासारखं आहे. विचारायचं ते हे, की कोसळल्यावर सावरायला किती वेळ लागला? पहिल्या वेळी मला दोन दिवस लागले होते. नंतर एक रात्र. मग जेवणापर्यंत. चिकट माणसासारखे मी हे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. अधूनमधून पुन्हा दोन दिवसांवरही गेले आहेत, विशेषतः मार्चमध्ये, ऑफिसात वर्षअखेर असताना. सराव चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचा नाही. दुसऱ्या दिवशी फक्त चहा करायचा.

काल आईने सात वेळा विचारलं. सहा वेळा खांदा वर गेल्याचं कळलं, श्वास सोडला आणि म्हणाले, ‘‘अजून नाही आले, आई. तू बस, त्यांच्याबद्दल सांग ना काहीतरी.’’ तिने त्यांच्या पहिल्या सायकलची गोष्ट सांगितली. सातव्यांदा आवाज चढलाच. मी गॅस बंद केला, तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिचा हात हातात घेतला. तिला माझ्या ओरडण्याचं काही आठवत नव्हतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘‘अगं, चहा टाकतेस ना?’’